खाली साचलेलं पाणी

टाचणीबाईंना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच सांगता यायचं नाही, पण ठेवणाऱ्याने अगदी मापात ठेवलं होतं. जन्मभर त्यांनी आसपासच्या बायकांचे कपडे शिवले, आणि माप घेताना टाचण्या ओठांत धरून बोलायच्या. त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं समोरच्या बाईला कळायचं नाही आणि जे कळायचं ते टोचायचं. आता शिवण थांबली होती, टाचण्या डबीत गेल्या होत्या, गळ्यातली मोजपट्टी तेवढी राहिली होती. सकाळी उठलं की ती गळ्यात घालायची आणि झोपताना काढून उशाशी ठेवायची. आता मोजायचं काय राहिलंय, असं कोणी विचारलं असतं तर बाईंनी त्याला चांगलं सुनावलं असतं. पण विचारायला घरात कोणी नव्हतं.

घर बुटकं, एकमजली. त्याच्या अंगाला लागून बागेची एक लांबट पट्टी, गेटपासून थेट मागच्या भिंतीपर्यंत. गेटपाशी पायरीएवढी उंच फरशी, कधीकाळी त्यावर स्कूटर उभी असायची. फरशी संपते तिथे लिंबाचं झाड. आणि पार मागे, भिंतीजवळ, कपडे वाळत घालायची दोरी. झाली बाग. एवढ्याशा जागेने माणसाला किती छळावं, तर नवरा गेला त्यानंतरच्या पावसाळ्यापासून लिंबाभोवती पाणी साचायला लागलं ते हलायलाच तयार नव्हतं. पाऊस थांबून आठवडा झाला तरी बुंध्याभोवती चिखलाचं तळं. पानं पिवळी पडून त्यात तरंगायची. शिवणाच्या खोलीची भिंत त्याच बाजूला, तिला ओल आली. ती चढत चढत मशिनच्या टेबलापर्यंत पोचली, आणि मग एका सकाळी बाई स्वतःच त्या चिखलात घसरून बसल्या. लागलं फारसं नाही. पण त्यांनी ते लेकीला फोनवर सांगितलं, आणि तिथेच चुकलं.

लेक दूर, दुसऱ्या शहरात, दहाव्या मजल्यावर राहायची. एकुलती एक, आईवर गेलेली, म्हणजे एकदा बोलली की बोलली.

"बास झालं आता," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात मी सुट्टी काढून येते. तोवर पाणी उतरलं तर ठीक. नाही उतरलं तर घराला कुलूप आणि तू माझ्याबरोबर."

"उतरेल."

"शब्द दे."

"दिला," बाई म्हणाल्या. रागाच्या भरात माणूस काय काय देऊन बसतो.

लेकीकडे त्या एकदा राहून आल्या होत्या. खोली छान होती, उजेड होता, लेक काही कमी पडू देत नव्हती. पण ती सकाळी जायची ते दिवेलागणीला यायची, आणि खिडकीतून दिसायची समोरच्या इमारतीची खिडकी. तिथे बाई खुर्चीत बसून होत्या, कोणीतरी नेईपर्यंत ठेवलेल्या सामानासारख्या. इथेही एकटेपणाच होता, नाही असं नाही. पण इथला एकटेपणा त्यांच्या ओळखीचा होता. त्याची प्रत्येक कडी, प्रत्येक खुंटी त्यांना अंधारात सापडायची. तो सोडून परक्या घरी नव्याने एकटं व्हायचं त्यांना नको होतं.

तर पाणी उतरवायचं होतं. दुसऱ्याच दिवशी बाईंनी खोदकामवाल्याला बोलावलं.

आता इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ह्या घरात 'वर' म्हणजे गेट आणि 'खाली' म्हणजे मागची भिंत. असं का? बाईंचे यजमान एका कचेरीत नकाशे काढायचे. ही जागा घेतली तेव्हा त्यांनी तिचाही नकाशा काढला आणि तेव्हाच्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर उभा टाचला. गेट कागदाच्या वरच्या अंगाला आलं, मागची भिंत खालच्या. मग रोज संध्याकाळी नवराबायको त्या कागदापुढे उभे राहून भांडायचे. लिंबू वर लावायचं की मध्ये, दोरी खाली बांधली तर ऊन मिळेल का. घर झालं, कागद कुठे गेला देव जाणे, पण शब्द राहिले. 'वर कोण आलंय बघ.' 'टॉवेल खाली वाळतोय.' लेक बोलायला शिकली ती हेच शिकली. निघताना पाहुण्याला 'वर गेट लावून घ्या' म्हटलं की तो बिचारा जिना शोधायचा, आणि ह्या घराला जिनाच नव्हता.

गंमत म्हणजे पुढे पुढे बाईंना गेटकडे जाताना खरोखर चढ लागायला लागला. वर पोचेपर्यंत दम लागायचा, खाली येताना पाय हलके पडायचे. मनाने एकदा ठरवलं की गुडघे त्याला दुजोरा देतात. आणि खाली दोरीपाशी, एवढी वर्षं कपडे वाळत घालताना, कितीही पाऊस झाला तरी त्यांच्या चपलेला कधी चिखल लागला नव्हता. ह्याचा अर्थ काय होतो ते त्यांच्या डोक्यात आलं नाही. रोजच्या जागेकडे कोण एवढं बघतं.

खोदकामवाला आला, तळ्याभोवती एक फेरी मारली, विडी कानामागे खोचली.

"पाणी न्यायचं कुठे, काकू?"

"कुठे म्हणजे? खाली."

"खाली म्हणजे?"

"अहो, खाली. तिकडे, मागे." बाईंनी मागच्या भिंतीकडे हात केला. "तिथे मोठा खड्डा घ्या, दगडविटांनी भरा. लिंबापासून तिथपर्यंत चर काढा, भोकाचा पाईप टाका, वर खडी. पाणी पाईपात शिरेल, खड्ड्यात जाईल आणि जमिनीत मुरेल. मी सगळं विचारून ठेवलंय."

"मग चर मागे खोल घ्यावा लागेल. उताराला."

"उतार आहेच की मुळात. खालीच जातंय ते."

खोदकामवाल्याने एकदा जमिनीकडे बघितलं, एकदा बाईंकडे. बाईंचे ओठ आवळलेले होते. ज्याने एवढ्या बायांच्या अंगणात कुदळ मारली त्याला कुठे गप्प बसावं ते बरोबर कळतं. त्याने इथून तिथून सारख्याच खोलीचा चर काढला, पाईप टाकला, खडी पसरली, वर माती ओढली आणि निघून गेला. बाईंनी त्या दिवशी फोनवर लेकीला सांगितलं, झालं काम.

मग पाऊस पडला. मागचा खड्डा भरला, अगदी छान भरला. आणि भरलेलं पाणी पाईपात शिरून उलटं निघालं ते लिंबापाशी बाहेर पडलं. आधी लिंबाभोवती लिंबाच्या वाट्याचं पाणी होतं, आता मागच्या भिंतीच्या वाट्याचंही आलं. बाई खिडकीशी उभ्या राहून बघत होत्या. आपल्याच पैशाने आपलं तळं मोठं करून घेतलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली, आणि ती काचेत दिसत होती.

खोदकामवाल्याने फोनवर हात झटकले. "तुम्ही म्हणालात खाली, मी खाली नेलं."

तेही खरंच होतं.

रोज संध्याकाळी, दिवे लागले की, लेकीचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ प्रश्न. "पाणी उतरलं का?"

"उतरतंय."

"म्हणजे नाही उतरलं."

"उतरतंय म्हटलं ना."

मग लेक विचारायची, किती आहे, कुठपर्यंत आहे, ओल कुठवर आलीय, चपला कुठल्या घालतेस. बाई प्रत्येक गोष्टीवरून भांडायच्या. फोन ठेवला की रागाने भांडी आपटायच्या. आणि मग दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला हातातलं काम टाकून फोनजवळ येऊन बसायच्या. उगीच. पाय दुखतात म्हणून.

हार्डवेअरवाल्याच्या दुकानात त्या गेल्या त्या खोदकामवाल्याच्या नावाने बोटं मोडायला. हार्डवेअरवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि काउंटरखालून पारदर्शक नळीचं एक भेंडोळं काढलं.

"उतार कुठे आहे ते डोळ्याने कळत नाही, काकू. ह्यात पाणी भरा. दोन्ही टोकं उभी धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं, मग मध्ये नळी कशीही पडलेली असो. त्या पाण्यापासून जमिनीपर्यंत मोजा. जिथे माप जास्त येईल तिथली जमीन खोल. फक्त दोन माणसं लागतात. एकाने हे टोक धरायचं, एकाने ते. घरी आहे ना कोणी?"

"आहेत की," बाई म्हणाल्या आणि मोजपट्टीशी चाळा करत बाहेर बघायला लागल्या.

घरी येऊन त्यांनी नळी भरली, पाणी दिसावं म्हणून त्यात निळीचे थेंब टाकले. एक टोक मागच्या दोरीच्या खांबाला फडक्याने बांधलं. दुसरं टोक घेऊन वर निघाल्या. गेटबाहेर रस्त्याचं गटार होतं, बागेची हद्द तिथे संपायची. तिथे पोचून टोक उभं धरलं, तर पाणी भुसकन टोकातून बाहेर आलं आणि बाईंच्या पायावर सांडलं. मग मागे जा, नळी भरा, बांधा, पुन्हा वर. ह्या खेपेला हे टोक अंगठ्याने दाबून धरलं, तर ते टोक फडक्यातून सुटलं. 'अहो, धरा ना जरा नीट,' त्या मागे न बघता म्हणाल्या.

मग तिथेच थांबल्या. मागे फक्त खांब होता. त्या गेटच्या कठड्यावर टेकल्या आणि ओली नळी मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. रस्त्याने जाणाऱ्या एकदोघांनी बघितलं, पण टाचणीबाईंना काय झालं असं विचारायची कोणाची छाती नव्हती. रडू येत होतं, आणि ते नळीमुळे नव्हतं. माणूस गेल्यावर रडायचे दिवस ठरलेले असतात, तेव्हा लोक येतात, बसतात. ही असली रडणी मागाहून येतात, कोणाला सांगण्यासारखी नसतात.

पण बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. कपड्यांचे चिमटे, जुनं इलास्टिक, शिवणाची दोरी असं सगळं लावून त्यांनी ते टोक खांबाला आणि हे टोक गेटच्या बाहेरच्या अंगाला असं बांधलं की खांब हलला असता पण नळी हलली नसती. मग पाणी स्थिर होईपर्यंत थांबून, मागून वर, वरून मागे अशा खेपा घालून, गळ्यातली मोजपट्टी लावून माप घेतलं. मागे खांबापाशी नळीतलं पाणी त्यांच्या कमरेला लागत होतं. गेटबाहेर गटाराशी ते छातीला लागत होतं.

कमर आणि छाती ही दोन मापं टाचणीबाईंना जगात कोणी शिकवायला नको होती. त्यांनी आयुष्यात एवढी घेतली होती की झोपेत सांगितली असती. छातीचं माप जास्त, म्हणजे गेटपाशी जमीन खोल, म्हणजे वर हे खाली.

असं कसं होईल, बाई म्हणाल्या. वर कधी खाली असतं का? पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग त्यांनी दोष नळीला दिला, निळीला दिला, शेवटी स्वतःच्या डोळ्यांना दिला. एकट्या बाईने घेतलेलं माप, त्याचा काय भरवसा, असं म्हणून त्यांनी नळी गुंडाळून कपाटावर टाकली. आणि तो शहाणा पाऊस पडतच राहिला.

लेक आली तेव्हा तळं जसंच्या तसं होतं. तिने बॅग फरशीवर ठेवली, बुटाच्या टोकाने चिखल टोकरला, लिंबाचं एक पिवळं पान तोडलं. आत जाऊन तिने शिवणाच्या खोलीच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि तो ओला झाला. मग आईच्या पलंगाखालून मोठी बॅग ओढून काढली. बाईंना वाटत होतं ती ओरडेल, मग आपल्यालाही ओरडता येईल. पण ती नुसती साड्या काढून पलंगावर ठेवायला लागली, एकेक, घडी न मोडता. ते बाईंना सोसेना.

"शब्द दिलाय, येते मी," त्या दारातून म्हणाल्या. "फक्त जायच्या आधी एक काम कर. नळीचं एक टोक धर."

"कसली नळी?"

"धर म्हटलं ना. एकदा. मग कुठे न्यायचं तिथे ने."

लेकीने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली साडी खाली ठेवली.

आई मागे खांबापाशी, लेक गेटबाहेर गटाराशी, मध्ये चिखलातून गेलेली निळी नळी. पाणी नळीच्या तोंडाशी आलं, सांडायला लागलं.

"थोडं वर घे," बाई ओरडल्या.

लेक टोक घेऊन रस्त्याच्या बाजूला एक पाऊल सरकली.

"अगं वर. वर घे म्हटलं."

लेक आणखी एक पाऊल सरकली. आता ती जवळजवळ रस्त्यात उभी होती, एक सायकलवाला तिला शिव्या देत वळसा घालून गेला.

"वर म्हणजे गेटच्या बाजूला," लेकीने ओरडून विचारलं, "की वर म्हणजे आभाळाच्या बाजूला?"

बाईंनी आधी गेटकडे बघितलं, मग आभाळाकडे. दोन्हीला वरच म्हणतात. निदान ह्या घरात म्हणतात.

"हात वर कर," त्या शेवटी म्हणाल्या.

लेकीने हात वर केला, पाणी स्थिरावलं. बाईंनी माप वाचलं. "इथे कमरेला."

"इथे छातीला," लेक म्हणाली. मग नळी तशीच धरून हसायला लागली. आधी हळू, मग खांदे हलायला लागले. "आई, अगं आपलं वर खाली आहे. बाबांचा कागद. कागद उभा होता, म्हणून वर. जमीन कुठे उभी होती?"

बाईंनी हातातलं टोक सोडलं. निळं पाणी त्यांच्या चपलेवरून वाहून गेलं. वाहिलं ते गेटकडे, लिंबाकडे, थेट, जसं काही त्यांना दाखवायलाच. एवढी वर्षं चढ समजून धापा टाकल्या त्या उतरताना. त्यांनाही हसू फुटलं. लेकीला बघून त्यांना आठवेना की ह्या घरात दोन माणसं एकदम शेवटची कधी हसली.

पण लेक आता फरशीपाशी वाकून तिच्या कडेला आपोआप माजलेली रानवेल बाजूला सारत होती. "मग पूर्वी का साचत नव्हतं? आधीही पाणी इथेच येत असणार. मग ते जात कुठे होतं?"

वेलीमागे, फरशीच्या पोटात, वीतभर तोंडाचं एक भोक होतं. मातीने आणि पानांनी गच्च भरलेलं. आणि त्याच्या शेजारी कोपऱ्यात एक लोखंडी गज उभा होता. गंजून लाल झालेला, पण मुठीच्या जागी जुनं फडकं गुंडाळलेलं. फडकं बाईंच्याच एका उरलेल्या कापडाचं होतं. जांभळं, बारीक ठिपक्यांचं. त्यांनी ते ओळखलं.

यजमान दर पावसाच्या आधी गेटपाशी जाऊन उभे राहायचे. बाई आतून हाका मारायच्या, रस्त्यावरची माणसं मोजून झाली असतील तर जेवायला या. ते म्हणायचे, येतो, जरा वर काम आहे. बाईंना वाटायचं गप्पा मारायला जातात. एकदाही जाऊन बघितलं नाही. त्यांनी काही लपवलं नव्हतं, काम वर आहे असं रोज सांगत होते.

"एकदा जाऊन बघायला काय झालं होतं मला," बाई म्हणाल्या. गज हातात घेऊन त्या तिथेच फरशीवर बसल्या. "एवढ्या हाका मारायचे मी त्यांना. एकदा त्यांच्या हाताशी जाऊन उभी राहिले असते तर?"

लेक त्यांच्या शेजारी बसली. समजूत घालायला ती गेली नाही. तिलाही बाबांचं जाणं असंच कुठेतरी अडकून राहिलं असावं.

मग बाईंनी उठून गज भोकात घातला आणि नेट लावला. हलेना. लेकीने मागून हात लावला. दोघींनी मिळून खुपसला, ओढला, पुन्हा खुपसला. आत काहीतरी चिखलासारखं मऊ सुटलं, एक घाण भपकारा आला, आणि तळ्यातलं पाणी हललं. आधी नुसतं पिवळं पान फिरायला लागलं, गोल, जागच्या जागी. मग ते भोकाकडे निघालं. बाहेर गटारात काळी धार पडायला लागली आणि पडतच राहिली.

खोदकामवाल्याला परत बोलावलं. ह्या खेपेला बाईंनी त्याला शब्दांत सांगितलंच नाही, हाताला धरून गेटपाशी नेलं. त्याने मागचा पाईप उपसून फरशीच्या बाजूने नवा चर घेतला, गेटकडे खोल होत गेलेला, आणि खडीत पाईप बसवून त्या भोकाला जोडला. मागचा खड्डा तसाच राहिला. 'कधी लागला तर,' तो म्हणाला आणि बाईंच्या नजरेला नजर न देता विडी पेटवली. लेक सुट्टी संपेपर्यंत राहिली. दोघींनी शिवणाची खोली झाडून पुसून वाळवली, लिंबाच्या बुंध्याभोवतीची सडकी माती बदलली. रात्री जेवताना त्या दोघी जुन्या सवयीने बोलायच्या, वर काय, खाली काय, आणि मधेच थांबून एकमेकींकडे बघायच्या. निघताना लेकीने मोठी बॅग स्वतःच्या हाताने पलंगाखाली सारली.

"जिंकलीस," ती गेटपाशी म्हणाली.

"मग," बाई म्हणाल्या.

पुढचा पाऊस आला आणि गेला. सकाळी बाग ओली होती, दुपारी कोरडी. लिंबाला नवी पालवी फुटली, फिकट हिरवी, चुरगळली की वासाची. ओल भिंतीवरून उतरत खाली गेली आणि तिथे फक्त एक डाग राहिला. बाई शिवणाच्या खोलीत मशिनपाशी बसून त्या कोरड्या भिंतीकडे बघायच्या. घर त्यांचं राहिलं होतं. आता कोणी त्यांना इथून हलवणार नव्हतं. हे त्यांना हवं होतं, अगदी हेच हवं होतं.

फक्त संध्याकाळी दिवे लागले की फोन वाजत नव्हता.

एकदोनदा वाजला. "सगळं ठीक ना?" लेक विचारायची.

"ठीक."

ठीक म्हटलं की फोन संपतो. त्याच्यापुढे विचारायला काही उरत नाही. पूर्वी किती होतं, पाणी कुठवर आलंय, पाय कुठे ठेवतेस, झोपतेस कुठल्या खोलीत. आता चार चार दिवस फोन नाही. लेकीचं तरी काय चुकलं, तिला काम होतं, घर होतं, आणि आईचं पाणी उतरलं होतं. बाई दिवे लागायच्या वेळेला अजूनही फोनजवळ येऊन बसायच्या, पाय दुखतात म्हणून. आपण त्या तळ्याशी एवढ्या भांडलो, आणि आपल्याला कोणी विचारत होतं ते त्या तळ्यामुळेच, हे त्यांना आता कळलं होतं. कळून उपयोग काय. भरभरून गटारात गेलं ते.

एका संध्याकाळी फोन वाजला. लेक घाईत होती, मागे गाड्यांचे आवाज येत होते. "आज तुमच्याकडे पाऊस झाला म्हणे. पाणीबिणी नाही ना साचलं?"

बाईंनी खिडकीतून बघितलं. बाग कोरडी ठाक होती.

"आहे थोडं," त्या म्हणाल्या.

"आँ? कुठे?"

बाईंनी आयुष्यात खोटं शिवलं नव्हतं, खोटं बोलायची तर मुळीच सवय नव्हती. लिंबापाशी म्हणायला हवं होतं. पण तोंडाला जो शब्द येऊन चिकटला तोच बाहेर पडला. "खाली."

"खाली? दोरीपाशी?"

झालं, बाईंनी जीभ चावली. दोरीपाशी पाणी साचायला आधी गटार आभाळात जायला हवं. आणि हे जगात दोनच माणसांना पक्कं ठाऊक होतं. पण टाचणीबाई म्हणजे टाचणीबाई, दिलेला टाका त्या उसवत नाहीत.

"हो, दोरीपाशी," त्या म्हणाल्या. "चांगलं वीतभर आहे."

पलीकडे गाड्यांचा आवाज कमी झाला. लेक चालता चालता थांबली असावी.

"मग मोजायला पाहिजे," ती म्हणाली. आवाज एकदम वेगळा झाला होता, सावकाश. "एकटीने नाही जमायचं तुला. मी येते शनिवारी."

शनिवारी सकाळी बाईंनी कपाटावरून नळी काढून पुसली. मग त्यांच्या मनात आलं, ती येईल आणि दोरीपाशी बघेल, तर तिथे ठणठणीत कोरडं. म्हणून त्यांनी बागेचा रबरी पाईप मागे नेला, दोरीखाली टाकला आणि नळ पूर्ण सोडला. पाणी पडलं, मागचा खड्डा भरून पसरलं, आणि निघालं. बाईंनी पायाने माती आडवी ओढली, वीट लावली. त्याला वळसा घालून ते निघालंच. लिंबापर्यंत आलं, खडीत शिरलं आणि दिसेनासं झालं. एवढं काम चोख करून घेतलं होतं त्यांनी. वीट हातात घेऊन त्या तिथे उभ्या राहिल्या, मोजपट्टीचं टोक ओलं झालेलं, आणि त्यांना भयंकर लाज वाटली.

वर कडी वाजली नाही. बराच वेळ काहीच वाजलं नाही म्हणून त्यांनी मान उंचावून बघितलं. लेक गेटबाहेरच उभी होती, बॅग खांद्याला, स्वच्छ उन्हात, गटारात पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे बघत.

"आई," ती गेट न उघडताच म्हणाली, "नळ बंद कर. आले मी."